पिवळं कुंकू

जिंतूरजवळच्या त्या डोंगरावरच्या शर्यतीला नियम एकच होता. माथ्यावर धुरपताबाई कपाळाला कुंकू लावणार, आणि ते कपाळी घेऊन जो खाली येईल त्याचीच धाव धरली जाणार.

सुमंगलाबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. वय शेहेचाळीस, आवाज शेवटच्या बाकापर्यंत कसाबसा पोचणारा. कवायतीचे बजरंग सर एकदा म्हणाले, "बाई, डोंगर फळ्यावर काढायला सोपा असतो." झालं, पैज लागली. सर हरले तर वर्षभर प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या त्यांनी धुवायच्या. बाई हरल्या तर शनिवारची कवायत त्यांनी घ्यायची, शिट्टीसकट. चारशे पोरांसमोर शिट्टी वाजवायची या कल्पनेनंच बाईंची झोप उडाली होती.

चढावर सर पुढे निघून गेले. बाई चार पावलांना एक श्वास या मापानं चढत राहिल्या.

माथ्यावर धुरपताबाईनं डबी उघडली. हळदीला चुना लावून घरीच केलेलं लालभडक कुंकू तिनं बाईंच्या कपाळी टेकवलं. "आगं माय, तुमीबी आलाव? बसा की घटकाभर."

"सर किती पुढं हायत, मावशी?"

"आत्ताच तर गेले. गुडघा धरून."

तिनं मीठ लावलेली लिंबाची फोड हातावर ठेवली. बाईंनी ती चोखली, तापलेल्या तोंडावरून, कपाळावरून फिरवली आणि निघाल्या.

उतार सावकाश उतरायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मुरमानं ते ठरू दिलं नाही. पाय सुटले, ओढणी मागं फडफडायला लागली, आणि इतकी वर्षं शिकवलेलं घर्षण पायाखालून खडखडत घरंगळत गेलं. बाईंना हसू फुटलं. बोरीच्या झुडपाआड सर बसून बसून खाली सरकत होते.

"बाई, हळू! पडाल!"

"थांबताच येईना हो, सर!"

खाली व्यंकटराव आबांनी, म्हणजे जुन्या मुख्याध्यापकांनी, दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं आणि कपाळ निरखलं. "हे तर पिवळं हाय! वरचं कुंकू लाल. घरून हळद लावून आलाव जणू. धाव बाद!"

तेवढ्यात लंगडत सर पोचले. त्यांचं कुंकू घामानं नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं होतं, पण लाल होतं. "नियम म्हंजे नियम, आबा," म्हणत त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून बाईंच्या गळ्यात घातली.

बाईंनी धापा टाकत कपाळ पुसलं. बोटांना लिंबाचा वास आला.

"आबा, तुमच्या कपाळी कुणाचं कुंकू?"

"सकाळच्या पूजेचं. धुरपताबाईचंच. का?"

"हलू नका."

सरबताच्या टेबलावरचं अर्धं लिंबू त्यांनी आबांच्या कपाळावर पिळलं. लाल टिळा बघता बघता पिवळा झाला.

"आबाबी बाद!" नववीतली सृष्टी किंचाळली आणि सगळं मैदान खिदळलं.

"चुन्यानं हळद लाल होते," बाई हसू दाबत म्हणाल्या, "आंबटानं परत पिवळी."

"डोळ्यात गेलं की ओ!" आबा उपरण्यानं डोळा चोळत नाचायला लागले. "मंजूर! धाव मंजूर!"

सर मातीत फतकल मारून बसले. "नळ्या किती हायत, बाई?"

एकशे बारा, असं बाईंना सांगायचं होतं. पण हसण्यानं शब्द फुटेना. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी उचलली आणि गाल फुगवून अशी वाजवली, की डोंगरावरून धुरपताबाईनं ओ दिली.