ट्रायलची वरात

नव्याण्णव सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी रावजी आणि त्याची बायको छाया मुंबई नाक्याजवळच्या शोरूमला झेंडूची तोरणं बांधायला आले, तेव्हा ती गाडी दारातच उभी होती. लालभडक, बुटकी, दोनच सीटची, आणि टप म्हणाल तर कापडाचा, तोही मागे घडी घालून ठेवलेला. असली गाडी नाशकात घेणार कोण, हा प्रश्न मालकालाही पडला असावा, कारण पाडव्यापासून ती तिथून हललेली नव्हती.

"हिलाही एक हार घाला, मावशी," मालक म्हणाला. "निदान बघायला तरी लोक थांबतील."

छायाने हार घातला, बॉनेटवर गुलाब लावले, आरशांना शेवंतीच्या वेण्या बांधल्या. त्यांच्या मखमलाबाद गावातल्या कितीतरी नवऱ्या तिने सजवलेल्या गाडीतून वरातीला गेल्या होत्या. तिची स्वतःची वरात मात्र निघालीच नाही.

तिच्या लग्नात वेशीवर उघडी जीप उभी होती, बँड तयार होता. वऱ्हाडाचा ट्रक तिच्या माहेराहून, घोटीकडून, वेशीशी पोचला आणि निरोप आला, की तयारी बघायला पुढे आलेले सासरे छातीत कळ येऊन गेले. बँडवाले आल्या पावली परत गेले. छाया मागच्या दाराने घरात शिरली. नव्या नवरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचं कुणाला सुचणार? दिवस झाल्यावर सासू, गोजराबाई, विहिरीवर चार बायकांत म्हणाली, "पांढऱ्या पायाची आली." एकदाच म्हणाली. पुढचं काम गावाने केलं.

पुढे गोजराबाईने तिची बाळंतपणं केली, तापात रात्री जागवल्या, चांगलीच वागली. पण तो शब्द काही तिने परत घेतला नाही. आणि स्वतःही त्या दिवसापासून कुणाला ओवाळायला पुढे झाली नाही. विधवा बाईने मागेच राहायचं असतं, म्हणून नातीच्या लग्नातसुद्धा आतल्या खोलीत बसून राहिली.

तोरणं झाल्यावर मालकाने रावजीला सहज विचारलं, "मारायची का एक चक्कर?" रावजीने आयुष्यभर भाड्याचा टेम्पो हाकलेला; तो नाही कशाला म्हणतोय. पण ट्रायलला शोरूमचा माणूस लागतोच. जीवन नावाचा, पोट सुटलेला, टायवाला सेल्समन शेजारी बसला. दोनच सीट, त्या भरल्या. छाया सुई-दोरा हातात घेऊन दारात उभी राहिली.

पाथर्डी फाट्यावरून रावजी परत आला तेव्हा त्याच्या केसांची केरसुणी झाली होती आणि चेहरा इतका खुलला होता, की छायाला लग्नातला रावजी आठवला. पण माल पाहून लगेच चांगला म्हणायचं नाही, ही बाजारातली सवय.

"स्टेरिंग लोण्यावानी हाय. पिकप बी हाय," तो म्हणाला. "पन बसलं की रस्त्यावरच बसल्यावानी वाटतं. शेजारून ट्रक गेला तर निस्ती चाकं दिसत्यात. पावसात ह्या कापडाचं काय व्हनार? आन डिकीत फुलांचं एक क्रेट नाय मावायचं."

"काका, ही क्रेट न्यायला नसते," जीवन कळवळून म्हणाला.

"मंग कशाला असती?"

जीवन जरा अडखळला. "दोघांनी फिरायला."

"मला बसायचंय," छाया म्हणाली.

बसू का, असं नाही. बसायचंय. रावजीने तिच्याकडे पाहिलं, हार घातलेल्या गाडीकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांनी त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याने आपल्या एम-एटी दुचाकीची किल्ली जीवनच्या हातात ठेवली. "तुमी ही घ्या आन आमच्या मागं या."

जीवनने मालकाकडे पाहिलं. मालक तोरणाकडे पाहत होता.

"कुठं जायचं?" गाडी रस्त्याला लागल्यावर रावजीने विचारलं.

"घरी."

"येडी का काय? गावात लोक इचारतील, घेतली का म्हनून. कोनत्या तोंडानं सांगायचं, ट्रायल हाय?"

"अहो, वरातीची गाडी कोन इकत घेतं?"

रावजीने गाडी अशोक स्तंभाकडे वळवली. वारा पदरात शिरत होता. छायाने पदर धरला, मग सोडून दिला. किती खाली बसलो आहोत, आणि आभाळ किती आहे, असं तिला वाटत होतं. रामवाडीच्या पुलावर शाळेतल्या पोरी ओरडल्या, "नवरा-नवरी!" आणि हसत सुटल्या. छायालाही हसू आलं, आणि लगेच रडू. हे सगळं अठराव्या वर्षी हवं होतं, हातावरची मेंदी ओली असताना. आता हातांना झेंडूचा वास होता, आणि तो काही केल्या जात नसे. मागे जीवन एम-एटीवर, टाय खांद्यावर उडालेला, कॅरियरला फुलांची रिकामी पाटी. वरातीला माणूस एकच होतं, पण होतं.

वेशीतून आत आल्यावर रावजीने गाडी घरासमोर थांबवली. ओट्यावर गोजराबाई बसली होती. मोतीबिंदूने तिला आता उजेड-अंधाराएवढंच कळे.

"कोन हाय?"

"आमीच, आत्याबाई," छाया म्हणाली.

म्हातारी चाचपडत आली. तिच्या हाताला हार लागला, गुलाब लागले, मग दार, मग छायाच्या बांगड्या.

"जीप हाय?"

"तसलीच."

"उघडी?"

"उघडी."

गोजराबाईने गाडीच्या दारावरचा हात मागे घेतला. मग म्हणाली, "उतरू नको."

म्हातारी आत गेली. परत आली तेव्हा एका हातात भाकरी होती, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. पण ती ओट्याच्या कडेलाच थांबली.

"माझ्या हातचं चालंल का तुला?"

"तुमच्याच हातचं पायजे," छाया म्हणाली.

गोजराबाई ओट्यावरून उतरून पुढे झाली, भाकरीचा तुकडा मोडून तिने दोघांवरून ओवाळला आणि लांब भिरकावला. छायाने पाय गाडीबाहेर काढले. म्हातारी खाली बसली, पायांवर पाणी ओतलं आणि तळव्यांवरून, भेगांवरून हात फिरवत राहिली.

"पांढरे कुठं हायेत गं हे," ती म्हणाली. "मातीचे तर हायेत."

छाया तिचे खांदे धरून रडू लागली. जीवनला यातलं काहीच कळलं नाही, पण गाडी परत न्यायचीय हे सांगायला त्याची जीभ रेटेना. तो एम-एटी बंद करून बाजूला उभा राहिला.