रुबेनच्या उड्यांचा हिवाळा

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात रुबेन नॉर्वेला निघाला, तेव्हा त्याची आई बेला पेझारकर हिने त्याच्या बॅगेत दोन लोकरीच्या टोप्या, लिंबाच्या लोणच्याची बाटली आणि एलियाहू हन्नबी या ज्यू प्रेषिताची छोटी तसबीर घातली. लोणचं आणि टोप्या त्याने नेल्या. तसबीर उशीखाली सापडली, ती तिने कपाटात ठेवली.

मुलगा बावीस वर्षांचा होता. बर्मिंगहॅमला इंजिनियरिंग शिकताना एक वर्ष नॉर्वेतल्या एका कारखान्यात कामाला गेला आणि तिथून स्की जंपिंग शिकून आला. लोकांची मुलं परदेशातून गोरी सून आणतात, आमच्याने अडीच मीटर लांबीच्या दोन फळ्या आणल्या, असं बेला सांगायची आणि लंडनच्या पिनर उपनगरातल्या बायका हसायच्या. हसताना तिला बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ ती घाबरलेली नसायची. ब्रिटनच्या चमूत त्या वर्षी तिघेच होते. तिसरा कोणी मिळेना म्हणून मला घेतलं, हे रुबेन स्वतःच कबूल करायचा.

उडी म्हणजे काय हे त्याने तिला जेवणाच्या टेबलावर पावाची लादी आणि दोन चमचे मांडून समजावलं होतं. टेकडीवर उंच मनोरा असतो. वर आडव्या दांड्यावर बसायचं, हवा नीट आहे अशी खूण झाली की सुटायचं. बर्फाच्या घसरणीवरून ताशी नव्वद किलोमीटरने खाली यायचं, टोकाला पायांनी जोर देऊन अंग पुढे झोकायचं, नाक जवळजवळ स्कीच्या टोकांना लागेल इतकं, आणि नव्वद मीटर पलीकडे उतारावर उतरायचं, एक पाय पुढे, एक मागे. पाच पंच गुण देतात.

डोक्यावर काय असतं, तिने विचारलं. टोपी, तो म्हणाला. लोकरीची? लोकरीची.

"आणि वर गेल्यावर नको वाटलं तर?"

"जिना आहे ना. पण जिन्याने खाली कोणी येत नाही, मम्मी."

"का?"

"सगळे बघत असतात."

बेला हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात कामाला होती. फिल्मची मोठी तपकिरी पाकिटं नावाप्रमाणे लावायची, डॉक्टरांनी मागितली की काढून द्यायची. अकरा वर्षांत तिने फिल्म उजेडाकडे धरून बघायची सवय लावून घेतली होती. मांडीचं हाड कसं मोडतं, मानेचा मणका कसा सरकतो, हे तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं नसतं तर बरं झालं असतं. रुबेन टेबलावर चमचा उडवून दाखवत होता आणि तिला पाकिटं दिसत होती.

निघायच्या आदल्या दिवशी ती रडली. तेव्हा रुबेनने तिचे हात धरले आणि एक गोष्ट सांगितली, जी तो विसरला असता तरी ती विसरणार नव्हती. "मम्मी, ज्या दिवशी तू थांब म्हणशील, त्या दिवशी थांबेन. ऑनेस्टली. फक्त उगाच म्हणू नकोस."

तेवढ्या एका शब्दावर मुलगा घरी आणता येत होता. नुसत्या घाबरण्यापेक्षा हे वाईट होतं. त्याला काही झालं तर दोष बर्फाचा नाही, वाऱ्याचा नाही, वेळेवर तोंड न उघडलेल्या बाईचा, असं तिने त्याच रात्री स्वतःशी ठरवून टाकलं.

स्पर्धा बहुतेक शनिवार-रविवारी असायच्या. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत शब्बाथ, त्या वेळात पेझारकरांच्या घरात फोन उचलत नसत. बेलाचा नवरा शालोम, त्याच्या आईचा हा अलिबागपासूनचा शिरस्ता, तो तिच्यामागे त्याने लंडनमध्येही चालवला होता. मग रुबेननेच तोड काढली. शनिवारी उडी झाली की तो फोन लावणार, तीन घंटा वाजू देणार आणि ठेवून देणार. तीन म्हणजे मी ठीक. घंटा थांबलीच नाही तर उचला, कारण तेव्हा जिवाचा प्रश्न असेल आणि जिवासाठी शब्बाथही मोडता येतो. शालोमने कुरकुर केली. मुलगा शब्बाथला उड्या मारतो आणि आपण त्याची घंटा ऐकत बसायची, हे सिनेगॉगमध्ये कोणाला सांगू नकोस, असं त्याने बजावलं. पण शनिवारी दुपारी तोच जिन्याच्या खालच्या पायरीवर, फोनपाशी येऊन बसायचा.

डिसेंबरात दोन शनिवार गेले. ट्रिंग-ट्रिंग, एक. ट्रिंग-ट्रिंग, दोन. ट्रिंग-ट्रिंग, तीन. मग शांतता, आणि त्या शांततेत बेलाला स्वतःचा श्वास ऐकू यायचा. शालोम गुडघ्यावर हात ठेवून उठायचा आणि म्हणायचा, झालं, बस कर आता.

एक जानेवारीला जर्मनीतली स्पर्धा टीव्हीवर होती. बेलाची मैत्रीण प्रमोदिनी हिने त्यांना बोलावलं. तिचे मिस्टर, डॉक्टर माधव, बेलाच्याच हॉस्पिटलमध्ये होते आणि त्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता. प्रमोदिनीने साबुदाण्याची खिचडी केली होती. रंगीत असून पडदा सगळा पांढराच होता, त्यावर एकामागून एक काळे ठिपके सुटत होते. रुबेनचा नंबर आला तेव्हा निवेदकाने आडनाव दोनदा चुकवलं. बेलाने डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा प्रमोदिनी टाळ्या वाजवत होती.

रुबेन ऐंशीत एकसष्टावा आला. शालोमने तो आकडा खिशात ठेवल्यासारखा महिनाभर मिरवला. प्रमोदिनी म्हणाली, "अगं, एकोणीस माणसं तुझ्या मुलाच्या मागे आहेत म्हणजे ती काय चालत आली?" सगळे हसले. फक्त माधवने त्यांना घरी सोडताना गाडीत बेलाला हळूच विचारलं की त्यांना हेल्मेट का देत नाहीत. त्या प्रश्नाच्या काळजीत तिचे पुढचे दहा दिवस गेले.

जानेवारीभर वीजटंचाईमुळे देशात आठवड्यात तीनच दिवस कारखाने चालत होते, टीव्ही साडेदहाला बंद व्हायचा, दुकानांत मेणबत्त्या मिळत नव्हत्या. लोक त्याबद्दल बोलत. बेला हो हो म्हणायची. तिच्या आठवड्यात एकच दिवस होता.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी सव्वातीनला फोन वाजला. एक. दोन. तीन. शालोम उठायला लागला. चार.

तो तसाच अर्धवट वाकलेला राहिला. पाच. बेलाने भिंतीला हात टेकला. सहाव्या घंटेला तिने जन्मात पहिल्यांदा शब्बाथला फोन उचलला, आणि पलीकडे रुबेनच होता. हसत होता.

"सॉरी मम्मी. मोजायला विसरलो."

तिला त्याला एक थोबाडीत मारावीशी वाटली. ती पायरीवर बसली. तू ठीक आहेस ना, तिने विचारलं. एकदम फाइन, तो म्हणाला. उडी कशी झाली? त्यावर तो म्हणाला की आज स्पर्धा मधेच बंद केली. मग पुन्हा हसला. तोंडात हवा भरून फुंकल्यासारखं ते हसू तिने त्याच्याकडून पूर्वी ऐकलं नव्हतं.

शालोम रागावला. साधे तीन आकडे मोजता येत नाहीत आणि म्हणे इंजिनियर. लहानपणापासून जिन्याच्या पायऱ्या, रस्त्यावरचे दिवे, सगळं मोजणारा मुलगा तीनला का चुकला, हा किडा बेलाच्या डोक्यात शिरला होता.

सोमवारच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. ब्रिटिश चमूतला एक स्कॉटिश मुलगा पडला होता. मणक्याला मार, प्रकृती गंभीर. तो रुबेनचा खोलीतला सोबती. त्याचं नाव, त्याचं घोरणं, त्याला आवडलेलं लिंबाचं लोणचं, हे सगळं रुबेनच्या पत्रांतून बेलाला माहीत होतं. तिने कात्री घेतली, पण ती बातमी शालोम रुबेनच्या बातम्या चिकटवायचा त्या वहीत लावायची नव्हती. पेपर तिने तसाच घडी करून बिनमध्ये टाकला.

नंतरच्या पत्रांत रुबेनने हवामान लिहिलं, जेवण लिहिलं. स्कॉटिश मुलाबद्दल एक अक्षर नाही. शनिवारच्या घंटा पुन्हा तीनवर थांबू लागल्या. बेलाला आता त्या तीन घंटांचाही विश्वास वाटेना. थांब हा शब्द तिच्या दातांमागे येऊन बसला होता. कामावर पाकिटं लावताना ती तो पुटपुटायची, आणि पुन्हा गिळायची. मुलाला जगात एकच गोष्ट मनापासून आवडली, ती आपण आपल्या भीतीपायी काढून घ्यायची का? आणि नाही घेतली तर?

शेवटची स्पर्धा मार्चमध्ये युगोस्लाव्हियात होती. तिथली टेकडी इतर सगळ्यांपेक्षा मोठी. तिथे माणसं दीडशे मीटर जातात, म्हणून त्याला जंपिंग न म्हणता फ्लाइंग म्हणतात, असं शालोमने सिनेगॉगमध्ये सांगितलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला फोन वाजला. शालोम न्हाणीत होता. टेबलावर पांढरी चादर घातली होती, शब्बाथचे दिवे अजून लावायचे होते, सूर्य मावळायला अर्धा तास होता. ऑपरेटर बाई म्हणाली, युगोस्लाव्हियाहून कॉल. मग खरखर, आणि मग रुबेन.

त्याने घरच्यांची चौकशी केली. डॅडींची खोकल्याची बाटली संपली का, विचारलं. प्रमोदिनीमावशी कशी आहे, विचारलं. एवढ्या लांबून हे विचारायला कोणी फोन करत नाही. मागे कुणीतरी पुरुष मोठ्याने इंग्रजीत बोलत होता.

"मम्मी, इथे वारा आहे."

"हो का."

"आज प्रॅक्टिसला दोघे पडले. उद्या वारा राहील म्हणतात." मग आवाज उतरवून: "तू... तुला काही म्हणायचंय का?"

"कशाबद्दल?"

"असंच. आपलं ठरलं होतं ना. तुला काही म्हणायचं असलं तर."

तेव्हा बेलाच्या ध्यानात आलं. चार महिने ती ज्या भीतीला एकटीची समजत होती, ती तारेच्या दुसऱ्या टोकालाही उभी होती. तिचा मुलगा मनोऱ्यावर होता आणि त्याला जिना दिसत होता, आणि सगळे बघत होते. त्याला खाली यायचं होतं. फक्त कुणीतरी बोलवायला हवं होतं.

नाही म्हटलं तर तो उद्या वर जाईल. तो जाईल, हे तिला त्याच्या आवाजावरून कळत होतं, भ्यालेला असूनही जाईल, आणि भ्यालेला माणूस उतारावर काय करतो ते तिने उजेडाकडे धरून पाहिलेलं होतं.

"रुबेन, थांब," ती म्हणाली. "उद्या उडी मारायची नाही. पुन्हा कधीच मारायची नाही. मी सांगते म्हणून. कोणी विचारलं तर सांग, माझी आई फार हट्टी आहे, तिने मला शपथ घातली."

पलीकडे त्याने श्वास सोडलेला तिला स्वच्छ ऐकू आला. मग त्याचा आवाज एकदम चढला, इंग्रजीत, खोलीतल्या त्या माणसाला ऐकू जावा असा. धिस इज अनफेअर, मम्मी. यू प्रॉमिस्ड. तो बराच बोलला. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी मराठीत, खालच्या आवाजात तो म्हणाला, "मंगळवारी येतो."

शालोम टॉवेलने कान पुसत खाली आला तेव्हा ती काडी ओढत होती. मी त्याला थांबवलं, तिने सांगितलं. शालोमला आधी कळेना. कळलं तेव्हा तो तिच्याकडे असा पाहत राहिला, की तिने दिव्यांकडे तोंड वळवलं. शब्बाथच्या जेवणाआधीची किद्दूशची प्रार्थना त्याने म्हटली, जेवला, आणि रविवारपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

तो स्कॉटिश मुलगा पुढे काठी घेऊन चालू लागला. रुबेनला कार्डिफला नोकरी लागली, तिथे भेटलेल्या लिलीशी लग्न झालं. घरात चार माणसं जमली की गोष्ट निघायचीच. मम्मीने थांबवलं नसतं तर मी ऑलिम्पिकला गेलो असतो, रुबेन म्हणायचा, एकसष्टावा आलो असतो पण गेलो असतो. लोक हसायचे. प्रमोदिनी बेलाला चिडवायची की हिने मुलाचे पंख कापले. आणि पहिली काही वर्षं, हशा चालू असताना, रुबेन क्षणभर आईकडे बघायचा. बाकी कुणाला ते दिसत नसे.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात त्याच्या मुलाच्या नामकरणाला सगळे कार्डिफला जमले. रुबेनने लिलीच्या काकांना तीच गोष्ट सांगितली, अगदी रंगवून. हशा झाला. बेला हातातली बशी धरून वाट पाहत होती. तो तिच्याकडे वळला नाही. पुढच्या वाक्यावर गेला, त्याच्या आवाजात खरीखुरी हळहळ होती, आणि बेलाला कळलं, आता त्याचाही त्या गोष्टीवर विश्वास बसला होता.

परतीच्या ट्रेनमध्ये शालोमने विचारलं, पाच वर्षांत पहिल्यांदाच, न रागावता. "बेला, खरं सांग. का थांबवलंस गं त्याला?"

"भीती वाटली हो."

"एवढी?"

"एवढी," ती म्हणाली. "मला."