आधी इंजिन, मग पाणी

जेट बोट पाण्याबाहेर चालवण्याचा नियम एवढासा आहे, पण भल्याभल्यांना तो चकवतो. आधी इंजिन सुरू करायचं, मग ते गार ठेवायला पाइपने जोडलेला नळ सोडायचा. थांबवताना उलट: आधी नळ बंद, मग इंजिन. इंजिन बंद आणि पाइपातून पाणी चालू राहिलं, तर ते धुराच्या वाटेने उलटं आत शिरतं आणि इंजिन बुडतं. बोट कोरड्या जमिनीवर ट्रेलरवर उभी, आणि इंजिन बुडालेलं. बोटीच्या धंद्यात ह्याहून लाजिरवाणी गोष्ट नाही. बरं, पाण्यावाचून अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवलं तर तापून कामातून जातं. म्हणजे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

शेडमध्ये नळ होता दाराजवळच्या भिंतीत आणि बोट उभी राहायची आत, पंधरा पावलांवर. म्हणून हे काम दोघांचं. बाबा बोटीत चढून किल्लीपाशी बसायचे, धाकटी नळाशी. इंजिन बोंबलायला लागलं की त्या पत्र्याच्या शेडमध्ये कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नसे, तेव्हा बाबा हाताने सांगायचे. हात वर केला की पाणी सोडायचं, पुन्हा वर केला की बंद. ते मागे वळूनसुद्धा बघत नसत. अकरा वर्षं त्यांचा हात वर गेला आणि अकरा वर्षं पाणी आलं. एवढा भरवसा माणूस देवावरही ठेवत नाही.

धाकटी आता एकतीस वर्षांची होती, तरी धाकटीच होती. थोरली लग्न करून लांब गेली आणि तिथून फोनवर सल्ले देते. सल्ल्याला काही हात काळे करावे लागत नाहीत. मोठ्या नदीवर प्रवासी बोटी चालवणाऱ्या एका कंपनीने धाकटीला फिटर म्हणून बोलावलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि येणार की नाही ते आज बाराच्या आत कळवायचं होतं. तिला जायचं होतं. ह्या शेडमध्ये, ह्याच नळापाशी, तिचा जीव गुदमरत होता.

गंमत अशी की तिला कोणी अडवलंच नव्हतं. बाबा कटकटे असते, दारात आडवे पडले असते, तर त्यांना ओलांडून ती बॅग घेऊन निघाली असती. पण ते म्हणायचे, "जा की. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आणि चहा झाला की स्वतःच्या कपाबरोबर तिचाही कप विसळून ठेवायचे. भांडायलासुद्धा जागा ठेवली नव्हती त्यांनी. अशा माणसाला सोडून जायचं तरी कसं?

म्हणून आज सकाळी तिने मनाशी एक ठरवलं. दातांच्या डॉक्टरांची बोट दुरुस्त होऊन उभी होती, चार वाजता ते न्यायला येणार होते. बाबांनी ती एकट्याने चालवून दाखवली तर कंपनीला हो म्हणायचं. नाही जमलं तर काय, तिथवर ती गेलीच नाही.

"बाबा, आज सगळं तुम्हीच करा. मी नुसती बघते."

"परीक्षा घेतेस होय?"

"घेते."

"घे बाई. पाना कुठल्या टोकाने धरायचा ते तुला मीच शिकवलंय, तेवढं लक्षात ठेव."

बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन बोंबललं. गुडघे सांभाळत ते खाली उतरले, तरातरा नळापाशी गेले आणि नळ सोडला. बोटीच्या मागून पाण्याची धार आली. परत जाताना त्यांनी तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. धाकटीला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटावी. आतल्या गोंगाटात बोलणं शक्य नव्हतं, म्हणून ती फोन घेऊन रस्त्यापर्यंत गेली.

"येते मी. सोमवारी," ती म्हणाली.

"आठला या," पलीकडचा माणूस म्हणाला.

एवढंच. फोन खिशात टाकला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आत शांतता आहे. इंजिन बंद झालं होतं, आणि नळ मात्र धो धो चालू होता.

ती धावली. बाबा किल्लीपाशी पाठमोरे बसलेले, एक हात अजून वर. तिने नळ आवळला.

"बाबा, पाणी चालू होतं."

"मी हात केला होता."

"कोणाला?"

बाबांनी दाराकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"तुला," ते म्हणाले.

पुढचे दोन तास प्लग काढून इंजिन नुसतं फिरवण्यात गेले. प्लगांच्या भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. बाबा पुसत होते. तेलात पाणी उतरलं नव्हतं, तेवढं नशीब. धाकटीला राग आला होता, पण तो बाबांवर काढावा तर ते बिचारे आधीच अर्धे झालेले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं ती मनात म्हणाली, आणि खोड एकट्या बाबांची आहे असं धरून चालली.

मग तिला युक्ती सुचली. पाइपच्या बोटीकडच्या टोकाजवळ तिने एक कॉक बसवला, बाबांच्या गुडघ्याशी येईल असा. आता दाराजवळचा नळ आधीच सोडून ठेवायचा. पाणी चालू-बंद करायचं ते कॉकने, बसल्या जागी. हात वर करायला नको, कोणी असायला नको.

"समजलं ना?"

"समजलं. इंजिन, कॉक. कॉक, इंजिन."

साडेतीनला पुन्हा सुरू केलं. दाराजवळ उभी राहून तिने दोन्ही हात खिशात कोंबले. बाबांनी किल्ली फिरवली आणि वाकून कॉक उघडला. धार आली. दोन मिनिटं, तीन मिनिटं. इंजिन छान बोलत होतं. सोमवार तिला दिसायला लागला: रुंद नदी, अनोळखी माणसं, तिचं स्वतःचं कपाट.

बाबांचा हात वर गेला.

धार थांबली. उरलंसुरलं पाणी फेकायला बाबांनी इंजिन क्षणभर जोरात चालवलं आणि किल्ली फिरवली. सगळं अगदी नियमाप्रमाणे झालं.

"जमलं की," मागे न वळता बाबा म्हणाले. "आता निर्धास्त जा तू."

त्यांच्या गुडघ्याशी कॉक तसाच उघडा होता. धाकटीने खाली पाहिलं. तिचा उजवा हात खिशात नव्हता, तो नळावर होता, आणि नळ घट्ट बंद होता. तो कधी बाहेर आला, तिला कळलंही नव्हतं.

सांगावं तर बाबा पुन्हा अर्धे होणार आणि तिचा पाय निघणार नाही. न सांगावं तर पुढची बोट बुडणार, आणि ती बुडणार हे नदीवर रोज तिला माहीत असणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"जमलं ना गं?" बाबांनी विचारलं.

"जमलं," ती म्हणाली.

बाबा खाली उतरले आणि सकाळचे दोन कप विसळायला घेतले. तिचा हात अजून नळावरच होता.