'पण'चा रकाना

"कायदा आता मंत्रालयात होत नाही, बंधूंनो आणि भगिनींनो! तो आज इथं, या हॉलमध्ये, तुमच्याच हातानं लिहिला जाणार आहे!"

टाळ्या पडल्या. विस्तार अधिकारी साहेबांनी त्या पुरत्या पडू दिल्या, मग शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे दोन्ही चाचपले आणि आवाज खाली आणून विचारलं, "कुणाकडं पेन आहे का?"

ग्रामसेवक सुजितचं पेन पंचायतीतच राहिलं होतं. शेवटी हर्षदनं आपलं काढून दिलं. निळं, जाडजूड, बाजूला त्याच्या होमस्टेचं नाव आणि नारळाचं झाड छापलेलं.

मच्छीमार सोसायटीच्या त्या हॉलमध्ये केसर तिसऱ्या रांगेत बसली होती आणि ते झाड तिला तिथूनही दिसत होतं. लिहिला जाणारा कायदा तिच्याच वलांडीबद्दल होता. गावापुरता कायदा, त्याला उपविधी म्हणतात, असं सुजितनं दवंडीसारखं सांगितलं होतं: किनाऱ्यालगत मासळी सुकवण्यास मनाई. बांबूच्या वलांडीवर जोडीजोडीनं तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील पाहुण्यांना फोटोपुरते आवडत. रात्री खिडकी उघडली की त्यांना त्या बोंबलांचा वास येई. केसरचं घर मात्र पावसाळ्यात, होड्या वर ओढल्यावर, त्या वासावरच जगे. वलांडी हलवायची तर कुठं? घरामागं भिंत आणि भिंतीमागं हर्षदचा होमस्टे.

"ज्याची हरकत असेल त्यानं उठून बोलावं," साहेब म्हणाले.

केसर उठली. अलिबागच्या बाजारात तिच्या तोंडाला गिऱ्हाईक टरकून असे. पापलेटाचा भाव पाडून मागणाऱ्याच्या बेचाळीस पिढ्यांचा ती उभ्या उभ्या उद्धार करी. पण साहेब पडले पाहुणे. पाहुण्याला पहिल्याच शब्दाला नकार द्यायची तिच्या घरात रीत नव्हती.

"हरकत नाय, साहेब," ती म्हणाली. "हर्षदलाबी पोट हाय. पण—"

"केसरबाई, हरकत नाही," सुजितनं मोठ्यानं म्हणत लिहिलं. "पुढचे?"

"अरे, माझं 'पण' रायलं की!"

"मावशी, रकाने दोनच आहेत. हरकत आहे आणि हरकत नाही. 'पण'ला रकाना नाही."

"मंग खोड ना ते!"

"खाडाखोड केलेला कागद वरून परत येतो."

पाठोपाठ येसूबाई उठली. तिला कमी ऐकू येई, त्यामुळं काय घडलं ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिला फक्त शेजारणीची बाजू घ्यायची होती. "केसर बोलली तेच माझं," ती ठासून म्हणाली आणि केसरच्याच रकान्यात गेली. बाकीच्या बायका घाबरून गप्प बसल्या. गप्प बसणंही त्याच रकान्यात गेलं.

केसर खाली बसली. मनगटावर सकाळचं एक खवलं चिकटलं होतं, ते ती नखानं काढू लागली. निघालं तरी काढत राहिली.

साहेबांनी चष्मा उतरवून रुमालानं पुसायला घेतला.

"हर्षदशेठ, दुसरी बाजूही विचारावी लागते. समजा, वलांड्या आहेत तिथंच राहिल्या, तर तुमची काही हरकत?"

हर्षद उठला. समोर अख्खा कोळीवाडा बसला होता. गेल्या मे महिन्यात त्याच्या पाहुण्यांची गाडी भरतीच्या वाळूत रुतली, तेव्हा याच बायकांनी ती ढकलून काढली होती. येसूबाई त्या खटाटोपात गळ्यापर्यंत भिजली होती. शिवाय यंदा पंचायतीला उभं राहायचंही त्याच्या मनात होतं.

"छे छे, हरकत कसली!" तो हसून म्हणाला. "आपलीच माणसं. हरकत नाही, पण आमचे पाहुणे—"

"लिहा," साहेब म्हणाले.

सुजितच्या हातातलं पेन अडलं. "साहेब, त्यांचं पुढं 'पण' आहे."

"'पण'ला रकाना आहे?"

"नाही."

"मग?"

सुजितनं लिहिलं.

साहेबांनी सगळ्या नोंदी खड्या आवाजात वाचल्या. कायद्याला कुणाचीच हरकत नाही. वलांड्यांनाही कुणाचीच हरकत नाही. "सबब मसुदा मंजूर," ते म्हणाले, "वलांड्या वगळून."

"पण साहेब," सुजित चाचरला, "वगळून मग उरलं काय?"

"शीर्षक. आणि दिनांक."

येसूबाईनं केसरला कोपरानं ढोसलं. "काय झालं गो?"

"रायली गो. वलांडी रायली."

"मी बोलले म्हणून!"

"तर काय!"

केसरनं तोंडाला पदर लावला. साहेबांनी हे मुद्दाम केलं की त्यांच्या हातून झालं, ते कळतंय का म्हणून तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ते पुन्हा चष्मा पुसत होते. चष्मा तर केव्हाच लख्ख झाला होता.

सह्या सुरू झाल्या. केसरनं कुठं करायची ते दोनदा विचारून सही केली, आकडा खोचावा तसं पेन सवयीनं अंबाड्यात खोचलं आणि वळली, तर समोर हर्षद.

केसरनं पदर कमरेला खोचला. आता मात्र पहिल्या शब्दालाच नकार द्यायचा, असं तिनं ठरवलं.

"हर्षदभाऊ, अपील वरती करता येतं," सुजितनं मागून आठवण करून दिली.

हर्षदनं मान हलवली, इकडं तिकडं पाहिलं आणि आणखी एक पाऊल पुढं येऊन हळूच म्हणाला,

"आत्या, तेवढं माझं पेन."