पितरांच्या पाटावर पथ्य

माझ्या उजव्या पायाचा अंगठा एका सकाळी असा सुजला, की धोतराचं टोक लागलं तरी डोळ्यांत पाणी येई. बुधवार पेठेतल्या दीनानाथ वैद्यांनी तो लांबूनच पाहिला आणि म्हणाले, "वातरक्त."

"बरं होईल?"

"तोंड आवरलंत तर. उडीद, कुळीथ, दही, आंबट, खारट सगळं बंद. जुने तांदूळ, मुगाचं वरण, पडवळ, दुधी. सकाळी गुळवेलीचा काढा. गोपाळभट, आजवर लोकांचे पितर जेववलेत. आता स्वतः पितर व्हायची घाई नको."

टोमणा खरा होता, म्हणून जास्त झोंबला. श्राद्धाला पितृस्थानी बसणं हे माझं काम. त्या पाटावरच्या ब्राह्मणाने खाल्लं की ते मेलेल्याला पोचतं, अशी लोकांची श्रद्धा. उडदाच्या वड्यांशिवाय श्राद्ध होत नाही, आणि दहाबारा वडे मी सहज रिचवत असे. खादाडपणाचं इतकं पुण्य दुसऱ्या कशात मिळत नसेल.

दीड महिना मी कुणाच्या श्राद्धाला गेलो नाही. घरात रोज पडवळ. मी बायकोकडे नुसतं बघितलं तरी ती म्हणे, "अंगठ्याला विचारा." पण सूज उतरली, आणि मी पुन्हा आपल्या पायांनी नदीवर स्नानाला जाऊ लागलो. चालता येणं ही केवढी चैन आहे, हे मला पन्नाशीत कळलं.

अशात दिगंबरचा मुलगा यज्ञेश्वर दारात आला. दिगंबर माझा पाठशाळेपासूनचा सोबती, गेल्या वर्षी तापाने गेला. "परवा वर्षश्राद्ध आहे. आई म्हणते, वडिलांच्या जागी आपणच बसायचं."

माझ्या तोंडून हो गेलं. तो वळल्यावर बायको म्हणाली, "होय म्हणून बसलात. आता ऐका. दिगंबरभावजींनाही हेच दुखणं होतं. आनंदीवहिनींनी दोन वर्षं पथ्य सांभाळलं. शेवटच्या तापात ते एक वडा मागत होते. वहिनींनी दिला नाही. दुसऱ्या दिवशी गेले. तेव्हापासून त्या धड जेवत नाहीत. परवा तुमच्या पानात वडे वाढून त्यांना ते फेडायचंय."

"आणि मी खाल्ले तर?"

"अंगठ्याला विचारा," ती म्हणाली, पण या वेळी हसली नाही.

श्राद्धाला मी पाटावर बसलो. खीर, अळू, भात, आमसुलाची चटणी, आणि मधोमध सोनेरी वडे. पाच. यज्ञेश्वर वाढत होता. स्वयंपाकघराच्या दाराआड आनंदीबाई उभ्या होत्या. पदराआडून फक्त डोळे दिसत होते आणि ते माझ्या हातावर खिळले होते.

श्राद्धात जेवताना ब्राह्मणाने मौन पाळायचं असतं. पदार्थाला नावं ठेवायची नाहीत, वाखाणायचंही नाही. मी खीर खाल्ली, भात खाल्ला. चटणी तशीच ठेवली. मग प्रश्न उरला तो वड्यांचा. खाल्ले तर उद्या पाय टेकवता येणार नाही. टाकले तर दाराआडच्या बाईला वाटणार, नवरा अजून रुसलेला आहे. मला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त राग आला. त्या दिगंबरचाच. मेला तोही वडा मागत!

एक वडा मी उचलला. तोंडाशी नेला. वास असा आला की जीव कासावीस झाला. आणि तेव्हाच मनात आलं, की या पाटावर मी गोपाळ नाहीच. मग बोलायचं तर दिगंबरच्या वतीनं का नाही?

मी वडा पानात ठेवला आणि मौन मोडलं. आमच्या पिढीत नवरा बायकोशी चारचौघांत बोलत नसे, मुलाकरवी निरोप देई. तसंच मी केलं.

"यज्ञेश्वरा, तुझ्या आईला सांग, वडे नकोत. वैद्यांनी नको म्हटलंय. आणि तिनं तेव्हा दिला नाही, ते बरोबर केलं."

श्राद्धात देवांच्या जागीही एक ब्राह्मण बसतो; त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पानातच थुंकलो. यज्ञेश्वरच्या हातातली पळी तशीच राहिली. मग आतून आनंदीबाईंचा आवाज आला, चिरकलेला.

"विचार त्यांना. राग नाही ना?"

यज्ञेश्वर माझ्याकडे वळला. पळी खाली ठेवून त्याने हात जोडले. श्राद्धात शेवटी जे विचारायचंच असतं तेच विचारलं, "तृप्ताः स्थ?"

हा प्रश्न मला शेकडो यजमानांनी विचारला होता, आणि दर वेळी मी ढेकर देत उत्तर दिलं होतं. त्या दिवशी मी अर्धपोटी होतो. दिगंबरच्या मनात काय होतं ते दिगंबरलाच ठाऊक.

"तृप्ताः स्मः," मी म्हणालो. मग त्या बाईला नीट कळावं म्हणून मराठीतही म्हणालो, "पोट भरलं माझं. आता तू जेव."

दाराआड आनंदीबाई मोठ्यानं रडू लागल्या.