खिडकीतला खोटा वसंत

कवळीवाल्याला गोष्टी सांगता येत नव्हत्या. ते त्याच्या बायकोचं काम. तो दिवसभर दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या मापांत प्लास्टर ओतायचा, खऱ्या दाढेशेजारी ओळखू येणार नाही अशी खोटी दाढ घासून काढायचा. बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावरून अंतराळयान उडवायची.

म्हणजे खेळ. फासे, कागद आणि प्रत्येकाचं एक सोंग. ती सूत्रधार. समोर काय दिसतंय ते तिने सांगायचं, आपलं पात्र काय करतं ते बाकीच्यांनी ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांवर. सहा वर्षं चौघं तिच्या यानातून हिंडली : कवळीवाला, मुलगी, बायकोचा धाकटा भाऊ आणि समोरच्या ग्रंथपाल बाई.

ती गेल्यावर वर्षभर कोणी फाशांना हात लावला नाही. मग मुलगीच एकदा म्हणाली, "बाबा, पुन्हा बसू या. पण यान नको, आईचा आवाज कानात येतो. किल्ले, जादूगार, असलं काहीतरी करा. सूत्रधार तुम्ही."

"मला कुठे जमतंय ते?"

"आईच्या वहीत खलनायक आहेत ना? तेच घ्या आणि कपडे बदला त्यांचे."

मुलगी दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात रुग्णांना व्यायामोपचार द्यायची, रविवारी घरी यायची. बापाशी बोलायची ते बेताचं. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बस. याचं कारण दोघांनाही ठाऊक होतं. आईचं दुखणं त्याने लपवलं होतं, आईपासून आणि मुलीपासूनही. "साधी कावीळ आहे, तू परीक्षा देऊन ये," असं सांगून त्याने तिला पाठवलं होतं. ती परतली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं.

वहीत तीन खलनायक होते. पहिला अवकाशस्थानकावर हवा विकणारा व्यापारी. किल्ल्यांच्या जगात हवा कोण विकणार? दोन दिवस डोकं खाजवून कवळीवाल्याने त्याला सगळ्या विहिरी मंत्राने बांधून ठेवणारा जादूगार केलं. दुसरा, माणसं गिळून हुबेहूब त्यांच्यासारखा दिसणारा लोखंडी किड्यांचा थवा. त्याचं रानातलं धुकं झालं. हळूहळू त्याला मेख सापडली. यंत्रं, बंदुका सोडून द्यायच्या. याला काय हवंय आणि हा कशाला घाबरतो, एवढंच विचारायचं. ते कळलं की अंगात अंतराळवीराचा पोशाख असो नाहीतर चिलखत, आतला माणूस तोच राहतो.

पहिल्या रविवारी तो पुष्कळ अडखळला. "भावोजी," मेहुणा म्हणाला, "तुमचा जादूगार फक्त 'आ करा' म्हणायचा राहिलाय." सगळे हसले. मुलगीही हसली.

तिसऱ्याचं नाव होतं पालक.

"नाव बदला बाई ते," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "खलनायक वाटत नाही, जुडी वाटते."

पालक म्हणजे यान चालवणारं यंत्र. यान फुटलेलं, कुठेच पोचणार नसलेलं. पण यंत्र प्रवाशांना खिडक्यांतून खोटे तारे दाखवतं आणि रोज सकाळी सांगतं, वसंतात पोचू. कवळीवाल्याने त्याचा किल्लेदार केला. किल्ल्याभोवती कधीच न वितळणारा बर्फ, आणि खिडक्यांच्या काचांवर किल्लेदाराने रंगवून घेतलेली फुलं. दुकानात बसून त्याने प्लास्टरच्या इवल्या खिडक्या हौसेने घडवल्या. याला हरवायचं कसं, ते पाहायला त्याने वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथलं अक्षर वाकडंतिकडं होतं.

'पालकाला हरवायचं नाही. प्रवाशांना पहिल्याच आठवड्यात कळलंय. एकीने खिडकीला हात लावून पाहिला, तारे कोमट लागले. पण कोणी बोलत नाही. बिचारा किती निगुतीने खोटं बोलतो, त्याच आधारावर उभा आहे. आम्हाला कळलंय हे त्याला कळलं, तर तो मोडून पडेल.'

वाटीतलं प्लास्टर दगडासारखं घट्ट झालं तरी तो हलला नाही. रोज सकाळी तिच्या उशाशी बसून "रिपोर्ट चांगला आलाय" म्हणणारा आपला आवाज त्याला ऐकू येत राहिला, आणि तिचं ते "हो का? बरं झालं."

रविवारी त्याला खेळ टाळता आला असता. त्याने टाळला नाही.

मुलीचं पात्र वैद्य होतं. रंगवलेली काच तिने नखाने खरवडली आणि ती थेट किल्लेदारासमोर जाऊन उभी राहिली. "बर्फ कधी वितळणार?"

"कधीच नाही," कवळीवाला म्हणाला.

"मग लोकांना सांगितलं का नाही?"

"भीती वाटली."

"त्यांच्यासाठी?"

"नाही. ते रडले असते, ते मला बघवलं नसतं."

मेहुण्याने कप खाली ठेवला. मुलगी बापाकडे बघत राहिली. "हे किल्लेदार बोलतोय की तुम्ही?"

"मी."

ती उठली आणि दारापाशी जाऊन बूट घालू लागली. तो वही घेऊन मागे गेला आणि ते पान तिच्यापुढे धरलं. तिने एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"पानावरची ही तारीख कधीची?"

"तू परीक्षेला गेलीस ना, त्याच्या दोन दिवस आधीची."

"माझी बॅग तिने भरली होती," ती म्हणाली. "सावकाश ये म्हणाली, घाई करू नकोस. म्हणजे तिला माहीत होतं. तिनेही मला जाऊ दिलं."

वर्षभर तिने एकाच माणसावर राग धरला होता. आता तो धरायचा कुणावर? एक पाय बुटात, एक बाहेर, अशी ती जमिनीवरच बसली. तिचं मन राखावं म्हणून काहीतरी बरं बोलावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. त्याने ते गिळलं. "तिने असं का केलं, मला माहीत नाही," एवढंच म्हणाला.

वही घेऊन मुलगी गेली. पुढचे दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या रविवारी सकाळीच आली आणि त्याच्यासमोर बसली.

"शेवटचा महिना सांगा. रोजचा दिवस. काही गाळू नका."

त्याने सांगितला. कधी काय खाल्लं, कधी उलटी झाली, कोणत्या दिवसापासून उठवेना. सांगता सांगता दुपार टळली. दोघं रडली, पण एकमेकांकडे बघितलं नाही.

"अजून काही लपवलंय?" शेवटी तिने विचारलं.

"शेवटच्या दिवशी तिने तुझं नाव घेतलं," तो म्हणाला. "दोनदा. मी म्हटलं, येतेय, गाडीत बसलीये. तुला मी कळवलंही नव्हतं."

मुलीने मान हलवली. मग ती आईच्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. तो बाहेर खुर्चीवर बसून राहिला.