अकरा नंबरच्या डब्याची कबुली

मी बर्फाच्या कारखान्यातला अकरा नंबरचा डबा बोलतोय. उंचीने तुमच्या कमरेपर्यंत, जाड पत्र्याचा, वर रुंद आणि खाली जरा निमुळता. चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको की डब्याने शब्द फिरवला.

माझं काम सोपं. पोटात गोडं पाणी भरून घ्यायचं आणि खाऱ्या पाण्याच्या हौदात उभं राहायचं. हौदातलं पाणी शून्याच्याही खाली दहा अंश, तरी ते गोठत नाही, कारण त्यात पोत्यांनी मीठ विरघळवलेलं असतं. आमचे मिस्त्री नव्या माणसाला सांगतात, "मीठ घाला नाहीतर साखर घाला, पाण्यात काही विरघळलं की ते गोठायला कुरकुर करतं. जितकं जास्त विरघळेल, तितकी जास्त थंडी लागते." आमच्या पोटातलं पाणी मात्र निर्मळ. त्याची मुकाट्याने लादी होते.

लाद्या काढायचं काम घड्याळबाईंचं. हे नाव कामगारांनी ठेवलंय, कारण बाईंची वेळ मिनिटानेही चुकत नाही.

या उन्हाळ्यात माझ्या बुडाच्या सांध्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं. हौदात उतरलो की खारं पाणी हळूच आत शिरायचं. कडेला बर्फ धरला की भोक आपोआप बुजायचं. लादी बाहेरून टणक दिसायची आणि पोटात पाणी तसंच राहायचं.

मासळीवाल्याने दोनदा लादी परत आणली. "मधे नुसतं पाणी! माझा माल वास मारायला लागला."

मालक घड्याळबाईंवर घसरले. "लवकर काढता तुम्ही. शनिवारपर्यंत बघतो, नाहीतर दुसरं माणूस ठेवतो."

एकोणीस वर्षांत बाईंची एक लादी कच्ची निघाली नव्हती. आता नोकरी जाणार आणि वर नावाला बट्टा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण बाई हटून बसल्या. तीन दिवस रोज लाद्या ओळीने मांडायच्या, प्रत्येकीवर टोच्याने ठोकून आवाज ऐकायच्या. तिन्ही दिवस पोकळ आवाज एकाच लादीतून आला, माझ्या. "हा डबाच फुटका आहे," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी कोपरा फोडून जिभेवर ठेवला. "गोडं आहे. डबा फुटका असता तर बर्फ खारट लागला असता. बाई, उगाच डब्यावर ढकलू नका."

अहो मिस्त्री, कोपरा काय चाखताय? गोठताना बर्फ मिठाला थारा देत नाही. तो कडेकडून गोठत येतो आणि मीठ मधे ढकलत नेतो. उरलेलं पाणी शेवटी इतकं खारट होतं, की हौदातली थंडीही त्याला पुरत नाही.

बाईंनी टोचा उचलला आणि लादीच्या बरोबर मध्यावर घाव घालत राहिल्या. आतलं पाणी लागलं, तसं त्यांनी बोट बुडवून चाखलं. "आता हे चाखा."

मिस्त्रींनी चाखलं आणि थुंकले. मग मला पाण्याने भरून कोरड्या फळीवर उभं केलं. पाच मिनिटांत फळी ओली झाली.

"चुकलो मी," मिस्त्री म्हणाले.

मालक मात्र म्हणाले, "सापडलं ना? डांबर फासा आणि सोडा हौदात. ऐन उन्हाळ्यात डबा रिकामा ठेवून चालणार नाही."

"डांबर थंडीत तडकतं," बाई म्हणाल्या. "पुन्हा लादी कच्ची निघेल आणि पुन्हा नाव माझंच येईल. हा डबा हौदात जाणार नाही, साहेब. आणि चूक माझी नव्हती, हे तुम्ही इथे सगळ्यांसमोर सांगायचं."

"नव्हती तुमची चूक," मालक पुटपुटले. डब्याबद्दल चकार शब्द न काढता निघून गेले.

आता मी दाराबाहेर उपडा पडलोय. मालकांचा भरवसा नाही, गर्दी वाढली की ते मला उचलून हौदात घालतील. हे बाईंना ठाऊक आहे आणि मिस्त्रींनाही. मिस्त्रींनीच हातोडा आणून बाईंच्या हातात दिलाय.

भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं तुमची मासळी, तुमची औषधं थंड ठेवली. जायचं म्हटलं की जिवावर येतंच. पण माझ्यापायी या बाईंना पुन्हा मान खाली घालावी लागणार असेल, तर मला राहायचं नाही. बाई, हात आवरू नका. बुडावरच मारा. भोक लांबूनही दिसेल एवढं होऊ द्या.